बारा माणसांचा मेडिक्लेम

मोठ्या कंपनीत असताना मेडिक्लेम ही गोष्ट लॅपटॉपच्या बॅगेबरोबर मिळायची. जॉइन झाल्यावर आठवड्याभरात एक मेल यायचा, त्यात कार्ड असायचं, ते कुठेतरी सेव्ह करायचं आणि विसरून जायचं. पॉलिसीत काय आहे, काय नाही, प्रीमियम किती, तो भरतं कोण, असले प्रश्न मला आठ वर्षांत एकदाही पडले नाहीत. आता मी पुण्यात बारा जणांच्या कंपनीत भागीदार आहे. आमच्याकडे एचआर नाही. 'कोड सोडून उरलेलं सगळं' या खात्यात जे येतं ते माझ्या टेबलावर येतं: जागेचं भाडं, जीएसटी, इंटरनेटवाला, आणि दर जुलैत मेडिक्लेमचं रिन्यूअल.

त्यामुळे नव्याने स्वतःचं काही सुरू केलेले मित्र एक प्रश्न मला हटकून विचारतात. "ग्रुप पॉलिसीची कटकट कशाला? प्रत्येकाच्या पगारात हजार-दीड हजार वाढवून टाकतो. ज्याला पाहिजे तो आपापली पॉलिसी घेईल." ऐकायला एकदम स्वच्छ वाटतं. प्रोग्रामर माणसाला तर फारच आवडतं, कारण एक डिपेन्डन्सी कमी झाली! माझं मत याच्या बरोबर उलट आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हा वीकांताचा लेख.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण बहुतेकांची पहिली शंका 'द्यावंच लागतं का?' हीच असते. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, १९४८ च्या कायद्याने आली आणि १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत प्रत्यक्ष सुरू झाली. ठरावीक संख्येच्या वर माणसं असलेल्या आस्थापनांना ती लागू होते, पण त्यातही पगाराची मर्यादा असते. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये केली गेली. जुलै २०१९ पासून वर्गणी मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का झाली. ईएसआयच्या दवाखान्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्यासारख्यांना माहीत नसते. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळायची सोय त्यात आहे, आणि अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. चकचकीत ऑफिसातल्या ग्रुप पॉलिसीत आजारी माणसाचा बुडालेला पगार कोणी भरून देत नाही. असो. पगार मर्यादेच्या वर असेल तर मात्र खाजगी मालकाने आरोग्यविमा दिलाच पाहिजे असं सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. लॉकडाऊनमध्ये १५ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात 'कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक' अशी एक ओळ होती. तेव्हा ब्रोकर लोकांचे फोन जोरात सुरू झाले होते. पुढे साथ ओसरली, ते आदेश गेले आणि त्यांच्याबरोबर ती ओळही गेली.

म्हणजे आमच्यासारख्यांनी द्यायचं ते आपल्या मर्जीने.

आता मुद्दा. तुम्ही पंचविशीचे आणि धडधाकट असाल तर स्वतःची पॉलिसी घेणं हे दहा मिनिटांचं काम आहे. हाच फॉर्म वडिलांसाठी भरून बघा. वय ६१, बारा वर्षांचा मधुमेह, बीपीची गोळी, एकदा अँजिओग्राफी. मग विमा कंपनीचा डॉक्टर फोन करतो, तपासण्या होतात, आणि शेवटी एक तर नकार येतो नाहीतर वाढीव प्रीमियम. शिवाय आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड. हा वेटिंग पिरियड पूर्वी चार वर्षांपर्यंत ठेवता यायचा, १ एप्रिल २०२४ पासून नियामकाने तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी नाही ही जुनी भिंतही त्याच सुमाराला पडली. चांगलं झालं. पण समोरच्या माणसाला घ्यायचं की नाही आणि काय भावाने घ्यायचं, हे अजूनही विमा कंपनीच ठरवते.

विमा कंपनी एवढी संशयी का असते? एकटा माणूस स्वतःहून पॉलिसी मागायला आला की तिला पहिला प्रश्न पडतो, हा नेमका आत्ताच का आला? छातीत दुखायला लागलं म्हणून तर नाही? आणि खरं सांगायचं तर कित्येकदा तसंच असतं. आमची बारा माणसं मात्र जावा आणि पायथॉन लिहायला एकत्र आलेली आहेत. कुणाच्या वडिलांना मधुमेह आहे म्हणून आम्ही त्याला नोकरी दिली नव्हती. कामासाठी जमलेल्या अशा घोळक्यात आजारी आणि धडधाकट माणसं आपोआप मिसळलेली असतात, हे विमा कंपनीला माहीत असतं. म्हणून ती बाराही जणांना, त्यांच्या घरच्यांसकट, काहीही तपासण्या न करता घेते, आणि तशी अट घालून घेतली तर पहिल्या दिवसापासून जुन्या आजारांसकट कव्हर देते. बहुतेक कंपन्या यासाठी निदान सात कर्मचारी मागतात. सात! म्हणजे हे काही मोठ्या आयटी पार्कवाल्यांचंच काम नाही.

थोडक्यात, छोट्या मालकाच्या हातात अशी एक गोष्ट आहे जी त्याच्या काही कर्मचाऱ्यांना तेवढ्या पैशात, आणि कित्येकदा कितीही पैशात, बाजारात मिळत नाही. ती फोडून दीड-दीड हजार वाटले की ती गोष्टच उरत नाही. धडधाकट मुलाला दीड हजार मिळतात (त्याचे तो बहुधा शूज घेतो). ज्याच्या घरात आजारपण आहे त्यालाही दीड हजारच मिळतात, आणि ते घेऊन तो ज्या दारात जाईल तिथून त्याला परत पाठवलं जातं.

'ज्याला हवं त्याने नाव द्या' ही मधली वाट पण चालत नाही, कारण मग नावं कोण देणार हे उघड आहे. सगळे किंवा कोणीच नाही, अशीच ही गंमत आहे.

याच्या विरोधात हिशेबाचा एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर तेव्हा तो १८ टक्के तसाच ठेवला, आणि आमच्यासारख्यांना त्याचं इनपुट क्रेडिटही साधारणपणे मिळत नाही. म्हणजे बारा जणांच्या कंपनीने माणसांसाठी विमा घेतला की कर, आणि त्याच माणसांनी एकेकट्याने घेतला की करमाफी. यामागचं तर्कशास्त्र मला कळलेलं नाही. माझ्या सीएमित्रालाही विचारलं, तो नुसता हसला. पण हे १८ टक्के धरूनही, वडिलांना विमाच मिळत नसेल तर शून्य टक्के कशाचे काढायचे?

घ्यायचं ठरलं की ब्रोकर तीन-चार कोटेशनं पाठवतो आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतं 'कव्हर ५ लाख'. कर्मचारी, जोडीदार, दोन मुलं. इथे जरा थांबा आणि आपल्या ऑफिसात कोण बसलंय ते बघा. आमच्या बारांपैकी सात जण तेव्हा अविवाहित होते. चोवीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या मुलाला जोडीदार आणि दोन मुलांचं कव्हर देणं म्हणजे टक्कल पडलेल्या माणसाला कंगवा देणं. त्याचं कुटुंब म्हणजे सातारला नाहीतर लातूरला असलेले आई-वडील. त्याच्या घरी रात्री दोनला फोन वाजला तर तो त्यांच्यासाठी वाजणार आहे, आणि तेव्हा तो भावाकडे, मित्रांकडे, क्रेडिट कार्डाकडे, आणि मग ओशाळत माझ्याकडे येणार आहे.

आई-वडील घातले की प्रीमियम उडी मारतो. आमच्या पहिल्या कोटेशनांमध्ये आई-वडिलांसकटचा आकडा त्यांच्याशिवायच्या आकड्याच्या जवळजवळ चौपट होता. माझा भागीदार तो मेल बघून पाच मिनिटं काही बोलला नाही. मग आम्ही पाच लाखांचे तीन लाख केले आणि आई-वडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे घेतला, म्हणजे त्यांच्या बिलातला पाचवा हिस्सा मुलाने भरायचा. जाहिरातीत तीन लाख बारीक दिसतात. तरी मला विचाराल तर आई-वडिलांसकट तीन लाख हे त्यांच्याशिवायच्या पाच लाखांपेक्षा केव्हाही बरे. पालक सत्तरीच्या पुढचे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतची सोय झाली आहे, ते कार्डही काढून ठेवायला सांगा. ज्या हॉस्पिटलांत ते चालतं तिथेच चालतं, पण काढायला पैसे पडत नाहीत.

आणखी एक बारीक ओळ वाचा. 'आई-वडील किंवा सासू-सासरे' असा पर्याय हवा आणि तो ज्याचा त्याने, जिचा तिने निवडायचा. आमच्याकडच्या एकीने फॉर्मवर सवयीने सासू-सासऱ्यांची नावं लिहिली होती. घरच्या चर्चेनंतर तिने ती बदलून स्वतःच्या आई-बाबांची टाकली, कारण सासऱ्यांना सरकारी पेन्शनीबरोबर औषधोपचाराची सोय आधीच होती आणि तिच्या बाबांना काहीच नव्हतं. ती चर्चा सोपी झाली नसावी. पण पॉलिसीतच पर्याय नसता तर चर्चेचा प्रश्नच आला नसता.

रूम रेंट हे दुसरं भूत. पॉलिसीत लिहिलेलं असतं, रूम रेंट कव्हरच्या १ टक्का. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. पुण्यातल्या बऱ्या हॉस्पिटलात तेवढ्यात स्वतंत्र खोली मिळणं कठीण. माणूस सहा हजारांची खोली घेतो आणि समजतो की वरचे तीन हजार आपण भरू, झालं. होत नाही! खोली दुप्पट भावाची घेतली तर सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं पण निम्मंच मंजूर होतं, कारण हॉस्पिटल खोलीप्रमाणे त्यांचे दर लावतं असं धरलेलं असतं. समजा चार दिवसांचं बिल १,६०,००० आलं. त्यात खोलीचे २४,०००, डॉक्टर-थिएटर-नर्सिंगचे ८०,०००, औषधं आणि तपासण्यांचे ५६,०००. खोलीचे मंजूर १२,०००, दुसऱ्या भागाचे ४०,०००, औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही म्हणून ५६,००० पूर्ण. मिळाले १,०८,०००. खिशातून ५२,०००. त्या माणसाच्या डोक्यात हिशेब होता बारा हजारांचा. डिस्चार्जच्या काउंटरवर उभं राहून हे समजून घेणं म्हणजे डोक्याला शॉट असतो. थोडा जास्त प्रीमियम देऊन ही मर्यादा 'सिंगल प्रायव्हेट रूम' अशी शब्दात लिहून घेता येते. मी तरी दुसरं काही कमी करीन पण हे करीन. मॅटर्निटीचंही असंच, नऊ महिन्यांचा वेटिंग पिरियड काढून घ्या आणि सिझेरियनची मर्यादा किती आहे ते बघा, म्हणजे नंतर तोंड लपवायची वेळ येत नाही.

कागद झाला. आता माणसं. मोठ्या कंपनीत हॉस्पिटलच्या डेस्कवर टीपीएचा माणूस असतो, एचआरची हेल्पलाइन असते. (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मधली कंपनी. आपल्याकडे २००१ सालच्या नियमांनी त्या आल्या.) छोट्या कंपनीत हेल्पलाइन म्हणजे मी. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात घरी जा, आणि संध्याकाळी सहाला पेशंट कपडे बदलून, पिशव्या भरून, मंजुरीची वाट बघत बसलेला असतो. नियामकाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एक तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायला सांगितलं आहे. फोनवर त्याचा उल्लेख केला की आवाज जरा बदलतो, एवढा अनुभव आहे. पण फोन करणारं कोणीतरी लागतं आणि ते कोणीतरी पेशंटच्या मुलाहून वेगळं असलं तर फार बरं. म्हणून ब्रोकर निवडताना मी प्रीमियमची घासाघीस झाल्यावर एक काम करतो. त्याने दिलेल्या क्लेमच्या नंबरवर रविवारी रात्री साडेनऊला फोन लावून बघतो.

आणि कंटाळवाणं पण महत्त्वाचं: नवीन माणसाचं, नव्या नवरा-बायकोचं, नव्या बाळाचं नाव साधारणपणे तीस दिवसांत कळवावं लागतं. त्यासाठी विमा कंपनीकडे थोडे पैसे आगाऊ जमा ठेवलेले असतात. ते संपले तर नाव चढत नाही, आणि संपलेत हे कोणी सांगतही नाही. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाका.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी एकाच्या वडिलांची बायपास झाली आणि एक बाळंतपण झालं. बारा घरांत वर्षभरात एवढं होणारच. पण बारा घरांचा प्रीमियम तो किती, एका बायपासमध्ये सगळा गेला. रिन्यूअलचं कोटेशन आधीच्या वर्षापेक्षा जवळजवळ निम्म्याने वाढून आलं. सोबत क्लेमची एक्सेल शीट होती. कर्मचाऱ्याचं नाव, पेशंटचं नाव, नातं, वय, हॉस्पिटल, आजार, रक्कम. भागीदार म्हणाला, "पुढच्या वेळी अनाथ मुलंच घेऊ या." आम्ही दोघंही हसलो. विनोद म्हणून चांगलाच होता.

पण विनोद असाच आत शिरतो. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू होते. चहा पिताना सहज 'घरी कोण कोण असतं?' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, आपल्याकडे तो आपुलकीचा प्रश्न आहे. आता त्याच्या उत्तराला रुपयांत किंमत आली होती. वडील काय करतात, लग्न कधी करणार, ताई दोघी आहात का एकटीच, या सगळ्याला. मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यू घेणाऱ्याला क्लेमची शीट कधी दिसत नाही, आणि दोन हजार माणसांत एका बायपासने काही हलतही नाही. बारा जणांत एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही असतं. त्याने मनात कितीही नको म्हटलं तरी त्याला माहीत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की छोट्या मालकाने ही माहिती स्वतःपर्यंत येऊच देऊ नये. आम्ही ब्रोकरला लिहून कळवलं की शीट पाठवताना नाव, नातं आणि आजार हे कॉलम काढून टाका, फक्त रक्कम ठेवा. त्याला ते विचित्र वाटलं. तसं कोणी मागत नाही म्हणे. क्लेमचे फोन आता मी घेत नाही, आमची अकाउंट्स बघणारी सहकारी घेते. ती मुलाखती घेत नाही आणि पगारवाढही ठरवत नाही. मला अजूनही बरंच कळतं, बारा माणसांत कोण रजेवर का आहे ते लपत नाही. पण कुणाच्या आईच्या आजाराला कंपनीचे किती पैसे गेले हे मला सांगता येणार नाही, आणि ते तसंच बरं आहे.

याच कारणाने प्रीमियम सीटीसीमध्ये दाखवू नये असंही माझं मत आहे. बरेच जण दाखवतात, ऑफर लेटरवरचा आकडा जरा गुबगुबीत होतो. पण मग पुढच्या वर्षी कोणाच्या तरी बायपासमुळे तो वाढला की बाकी अकरांच्या पगारवाढीतून तो गेल्यासारखा दिसतो, आणि लोक त्या बाराव्याकडे बघायला लागतात. भाडं वाढलं तर आपण ते कोणाच्या सीटीसीत टाकत नाही. याचंही तसंच करावं.

नोकरीला बांधलेल्या विम्याचा मोठा दोष मी झाकणार नाही. नोकरी सुटली की बहुतेक पॉलिसींत शेवटच्या दिवशी कव्हर संपतं. अमेरिकेत असलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. तिकडे १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर बंधनं आली, मालकांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, १९५४ च्या करकायद्याने ते पक्कं झालं, आणि आजही विम्यासाठी नोकरी धरून बसलेली माणसं तिकडे भेटतात. आपल्याकडे ते तितकं घट्ट नाही, पण वडिलांच्या डायलिसिसमुळे नोकरी बदलता न आलेला एक जण मला माहीत आहे. म्हणून आमच्याकडे नवीन येणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यातच सांगतो: कंपनीची पॉलिसी आहेच, तरी स्वतःची एक छोटी, तीन-पाच लाखांची काढ. आज काही आजार नाही तोवर काढ, म्हणजे वेटिंग पिरियडचं घड्याळ चालू होईल. आणि सोडून जायची वेळ आली तर आधी, शेवटच्या दिवसाच्या आधी, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याबद्दल विचार. तशी तरतूद नियमांत आहे, पण कंपनी तपासणी करून ठरवते, आणि सोडल्यावर दोन महिन्यांनी विचारलं तर कोणी ओळखही दाखवत नाही.

एक माणूस या सगळ्याच्या बाहेर राहतो. आमचं ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी त्याच इमारतीतली आणखी तीन ऑफिसं करतात. चौघांकडून मिळून त्यांचा महिना निघतो, म्हणून त्या कोणाच्याच कर्मचारी नाहीत. ईएसआय त्यांना लागत नाही. आमच्या पॉलिसीत घाला म्हटलं तर विमा कंपनी पगारपत्रक मागते. चारही ऑफिसांनी मिळून त्यांना एकाच्या पगारपत्रकावर घ्यावं आणि खर्च वाटून घ्यावा असं मी सुचवून बघितलं आहे, दोघं 'बघू' म्हणालेत. तोवर उरते ती महात्मा फुले जन आरोग्य योजना, रेशनकार्डावर चालणारी. मावशींकडे केशरी कार्ड आहे, पण ते गावच्या पत्त्यावर, सासूच्या नावावर, आणि त्यात मावशींचं नाव लग्नानंतर कोणी चढवलं होतं की नाही हे त्यांना आठवत नाही. दिवाळीला गावी गेल्या की फोटो काढून पाठवणार आहेत.